मायनस साडेचार

मी चष्मा द्यायला गेलो होतो, एवढंच. भूतबीत बघायला नाही. तुम्हा दोघांना दात काढायचे असतील तर आत्ताच काढून घ्या.

मघाशी तू म्हणालीस ना, "काका, खालच्या खणात ही एक डबी तशीच पडलीय, चष्मा पुसून शोकेसमध्ये लावू का?" आणि मी ती तुझ्या हातातून हिसकावून घेतली. पुतणीवर असा खेकसत नाही मी कधी. म्हणून सांगतो. शटर अर्धं ओढ, आणि तो वरचा दिवा घालव. डोळ्यांवर येतोय.

अकरा वर्षं झाली. नोव्हेंबर महिना, बुधवार, अमावास्येची आदली रात्र.

मागच्या गल्लीत एक घड्याळजी राहायचा. माझा दोस्त. दिवसा डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचा, रात्री गच्चीवर दुर्बीण लावून तारे बघायचा. सोबत वहिनी, त्याची बायको. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या नादाला लागलीय. लोकांना काय, जिभेला हाड नाही. खरं तर तो तिच्या नादाला लागला होता. सातवी शिकलेली बाई, पण आकाश तिला घरच्या फडताळासारखं पाठ. कुठला तारा कुठल्या कोपऱ्यात, अंधारात हात घालून सांगेल.

वहिनींचा नंबर मायनस साडेचार. दुर्बिणीला डोळा लावायचा तर त्या चष्मा काढायच्या, आणि मग आपल्या नजरेप्रमाणे फोकसची चकती फिरवायच्या. त्याच्या नजरेची खूण चकतीवर पांढरी, वहिनींची लाल. ती लाल खूण त्यांनी नेलपॉलिशनं केली होती.

"म्हणजे एकाचं बघून झालं की दुसऱ्यानं परत फिरवायचं?" तुझा भाऊ विचारतोय. बरोबर. आणि फिरवली की पहिल्याचं सगळं धुरकट. भांडण तिथंच होतं.

त्या दोघांचा एक लाडका तारा होता. दिसायला एक, पण आहेत दोन, एकमेकांभोवती फिरणारे. दर नऊ वर्षांनी एक दुसऱ्याच्या आड जातो. मग तो तारा वीस मिनिटं अगदी मंद होतो, कंदिलाची वात खाली केल्यासारखा. पहिल्या वेळी घड्याळजी डोळा लावून बसला आणि मिनिटामिनिटाला उजेडाचा अंदाज सांगत राहिला. वहिनी मागं उभ्या, हातात वही.

"झालं का?"

"थांब जरा."

"झालं का हो?"

"थांब, आत्ता चकती हलवलीस तर सगळी नोंद वाया जाईल."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तारा पुन्हा उजळला होता. वहिनींनी वेळ लिहिली आणि खाली निघून गेल्या. पुढची नऊ वर्षं त्यांनी दिवस मोजले.

दुसरी वेळ यायला तीन आठवडे उरले असताना वहिनी गच्चीच्या जिन्यावरून पडल्या. डोक्यावरच, आणि जागच्या जागी गेल्या. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

चष्मा माझ्याकडे होता. काडी तुटली म्हणून दुरुस्तीला टाकलेला. अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हाही म्हटलं, उद्या या…

हसा आता. नाही ना हसू येत?

तर त्या बुधवारी, ताऱ्याच्या दुसऱ्या वेळेच्या दिवशी, घड्याळजीचा निरोप आला, तिचा चष्मा घेऊन ये. काडी बसवली, काचा मऊ फडक्यानं पुसल्या, डबी बंद केली आणि दुकान वाढवून त्याच्याकडे गेलो. तो गच्चीवर होता. अंगात जाड कोट, हातात लोकरीचे मोजे. रडत नव्हता. मीही नाही. दाढ काढायच्या आधी सुई मारतात, मग गाल आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही… तसं आमचं दोघांचं सगळं आत झालेलं.

"आणलास?"

"हो."

"ठेव त्या स्टुलावर."

दुर्बिणीशेजारी स्टूल होतं. ठेवली डबी. मग तो बघत बसला, मी वेळ सांगत बसलो. चहासुद्धा कुणी विचारला नाही कुणाला.

एक चाळीसला तो म्हणाला, "तारा तळाला आला." आणि सरळ उभा राहिला. मोज्यासकट हात चकतीवर ठेवला आणि फिरवली. पांढऱ्यावरून लाल खुणेवर.

"अरे, नोंद?" मी म्हटलं. "नऊ वर्षं थांबलास तू."

"मी नाही. ती थांबली."

मला दंडाला धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवलं. शेजारी आपण बसला. दोघांची पाठ दुर्बिणीकडे.

"मागं बघू नकोस," म्हणाला. "मागं कुणी असलं की तिला घाई होते."

होते, म्हणाला. व्हायची नाही.

बसलो. वारा नव्हता. रस्ता झोपलेला. गार पायरी, तीही हळूहळू जाणवेनाशी झाली.

मग आवाज आला.

टक्.

माझ्या डब्यांची स्प्रिंग. चाळीस वर्षं ऐकतोय. झोपेत ओळखेन. डबी उघडली की असाच…

त्यानंतर काही नाही. पाऊल नाही. श्वास नाही. मी घड्याळजीकडे बघितलं. तो समोर बघत होता. कोऱ्या भिंतीकडे.

एक पन्नास.

एक पंचावन्न.

दोन.

तो हळूच म्हणाला, समोरच बघत, "झालं का?"

…

टक्.

आणखी थोडा वेळ बसलो. मग तो उठला. दुर्बिणीवर कापड घातलं. डबी स्टुलावर होती, मी ठेवली तशीच, बंद. त्यानं ती उचलून माझ्या हातात दिली.

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हटलं.

"जिना उतरताना लागेल म्हणून मागितला होता. आता तिला उतरायचं नाही. घेऊन जा."

घरी गेलो नाही. दुकान उघडलं. ट्यूब लावली. आणि डबी उघडली.

वहिनींना एक वाईट खोड होती. चष्मा काढताना काडीला धरायच्या नाहीत. डावी काच अंगठ्यानं दाबून ओढायच्या. किती वेळा बोललो असेन त्यांना, वहिनी, काचेची वाट लावताय. त्या म्हणायच्या, पुसायला तुम्ही आहात ना भावजी.

उजवी काच लख्ख होती. डाव्या काचेवर, मधोमध, अंगठा. रेषान् रेषा.

चष्मा पोचला होता. तीन आठवडे उशिरा.

चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या काचा पुसतोय मी. ही एक पुसली नाही.

बघायचाय? ये. पण हातातलं ते फडकं आधी खाली ठेव.