तिच्या हातचा चहा

दुपार कलंडली होती. कळंब्याच्या पुढं उसाच्या फडांतून सम्राटची मोटरसायकल चालली होती. मागं बसले होते बालसंरक्षणाचे धैर्यशील साहेब.

सम्राट इचलकरंजीत यंत्रमाग चालवायचा. आई-बाप गेल्यावर दोन्ही बहिणी चुलत्याकडं ठेवल्या होत्या. थोरल्या स्वप्नालीला काकी चटके देते, म्हणून त्यानं पावसाळ्यात हेल्पलाइनला फोन केला. तेव्हा हेच साहेब आले, चहा प्याले आणि ‘पोरगी बरी आहे’ म्हणून गेले. आठवड्यात स्वप्नाली विहिरीत सापडली. आता धाकटी क्रांती तेवढी उरली होती; तिच्यासाठी त्यानं पुन्हा तक्रार केली होती.

"साहेब, ह्या टायमाला आधी फोन न्हाय न्हवं केला?"

"केला की. न कळवता कुणाच्या दारात जायचं, बरं दिसतं का ते?"

सम्राटनं गाडी आणखी दामटली.

अंगण लख्ख झाडलेलं होतं. चुलता, आकाराम, टोपी सावरत पुढं आला. "या पावणं! क्रांती न्हाय घरात. हिच्या माहेरी गेलीया, नेसरीला."

"दूध नासलं बघा," काकी म्हणाली. "न्हाईतर चहा केला असता."

तेवढ्यात आतल्या अंधारात कपबशा किणकिणल्या.

काकीचं तोंड उघडंच राहिलं. एक पोरगी ताट घेऊन बाहेर आली. ओले केस तोंडावर आलेले, हात ओढणीत गुंडाळलेले. तिच्याबरोबर शेवाळाचा वास आला, आणि त्याच्याखाली दुसरा... करपलेल्या कातड्याचा.

"ही काय क्रांती!" साहेब हसले. "बाळ, घरात कुणी मारतं का गं?"

तिनं मान हलवली. सारवलेल्या जमिनीवर थेंब पडले. काकी भिंतीला चिकटली. सम्राटनं तो वाकडा डावा खांदा ओळखला. त्याच्याच सायकलवरून पडून मोडलेला.

"स्वप्ने..."

साहेबांनी चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला. "झक्कास! उगाच तक्रारी करता तुम्ही लोक."

त्या ओल्या मिशीची सम्राटला शिसारी आली. बशीच्या काठाला साय चिकटली होती. त्यानं वाकून बघितलं. सायीवर बोटाच्या ठशाच्या बारीक रेषा होत्या.

पोरगी आत वळली. तो मागं धावला. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. चूल गार, राखही गार. मागच्या गोठ्यातून मात्र बारीक कण्हणं येत होतं. दाराला कुलूप. त्यानं दगड उचलला आणि कुलूप तुटेपर्यंत घालत राहिला.

आत शेणात क्रांती पडली होती. पाय दाव्यानं बांधलेले, दोन्ही तळहात सोललेले.

साहेब दारात येऊन थिजले. "ही क्रांती? मग... चहा..."

त्यांनी ओठांवरून हात फिरवला, बोटांकडं बघितलं आणि तिथंच भडाभडा ओकले.

सम्राटनं बहिणीला उचललं. तिनं मान त्याच्या खांद्यावर टाकली.

"दादा, ताई रोज बसायची माझ्याजवळ. म्हणाली, तू आलास की ती जाणार."

"कुठं गं?"

क्रांतीनं साहेबांकडं बघितलं.

"ह्यांच्या घरी. ह्यांना तिच्या हातचा चहा आवडतोय म्हणं."

साहेबांच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी तो बाहेर काढला, घरचा नंबर बघितला. फोन वाजत राहिला. उचलायला त्यांचं बोट काही पुढं होईना.