पुंता अरेनास ते बाळकुम

पुंता अरेनास ते ठाणे, अंतर पंधरा हजार एकशे तीस किलोमीटर, विमानाचा वेळ एकोणीस तास. मोबाइलवरची ही माहिती वाचून गोपीनाथला हसू आलं. कुणा दीडशहाण्याने नकाशावर फुटपट्टी ठेवून रेघ मारली असणार. चिलीच्या त्या टोकावरून ठाण्याला थेट विमान सोडायला तिथे कोण लाटसाहेब राहत होता? राहत होता तो त्याचा धाकटा भाऊ कमलेश, मासळीच्या कारखान्यात बर्फाची यंत्रं दुरुस्त करणारा. तीन विमानं बदलून त्याला चाळीस तास लागणार होते.

वडील सकाळी आठला गेले. "कमल्या आल्याबिगर मला उचलू नका," असं त्यांनी दिवाळीपासून सगळ्यांना बजावलं होतं. गेली बारा वर्षं त्यांचं सगळं काढलं गोपीनाथने, आणि खांद्याला मात्र हा पाहुणा हवा. त्याच्या जिवाला ते फार लागलं होतं.

"थंड पेटी मागवूया ना," त्याची बायको जया म्हणाली. "परवापर्यंत येतील भावोजी."

"आईच्या वेळेला पण येतो म्हणालेला."

त्याने कमलेशला फोन लावला. "साडेअकराला उचलतोय. तुला चाळीस तास लागतील. उगाच धावपळ करू नको."

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"मी येतो, दादा," कमलेश म्हणाला.

भूगोलात कायम नापास होणारं गाढव ते. गोपीनाथने फोन ठेवला आणि त्याला चक्क बरं वाटलं.

मडकं धरून पुढे चालणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. गोपीनाथ सरळ चालत राहिला. बाळकुमच्या नव्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधून लोक खाली बघत होते. यांच्या घरी माणसं मरतच नसावीत. विसाव्याला तिरडी टेकवली, पुन्हा उचलली. मडक्याचा धूर डोळ्यांत जात होता. मागून कुणीतरी खोकलं. कोरडा, दोन तुकड्यांतला खोकला, लहानपणी एका गोधडीत झोपताना रोज ऐकलेला.

"कमलेश, खांदा बदलू का?" चुलतभाऊ धनेशचा आवाज आला.

"नको."

धनेश सकाळीच प्यायला असणार, गोपीनाथने स्वतःला सांगितलं. तरी त्याची मान ताठ झाली.

अग्नी दिल्यावरच तो वळला. धनेश खांदा चोळत उभा होता.

"कमलेश कुठं गेला? विसाव्यापासून कुनाला हात लावू दिला नाय त्यानं."

"तो पंधरा हजार किलोमीटरवर आहे. शुद्धीत ये."

मागच्या बाजूला खांदा दिलेला जगन पुढे आला. "माज्या म्होरंच होता की."

गोपीनाथने दोघांच्या तोंडांचा वास घेतला.

दारूचा नव्हता.

घरी येऊन त्याने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. कमलेश खोलीतच होता, भरलेल्या बॅगेवर बसलेला.

त्याचा उजवा खांदा सोलवटला होता. बनियनवर तिथेच गुलालाचा पट्टा होता, बांबूच्या रुंदीचा.

"विमान सकाळचं आहे," तो हळू म्हणाला. "दादा, एवढ्या रस्त्यात तू एकदापण मागं वळून बघितलं नाहीस."