निळी म्हैस आणि ओसाड थेंब

"मैदानाला कुलूप? भर सुट्टीत?" पराग किंचाळला.

कोसाडच्या वसाहतीमागे कालवा होता, कालव्याच्या काठी मैदान होतं आणि मैदानाच्या फाटकाला आज कुलूप होतं. शेजारी पाटी: 'मुलांच्या कचऱ्यामुळे मासे मरत आहेत. प्रवेश बंद.'

पाटी भूपेंद्रकाकांची. काका एका डाइंग मिलमध्ये जन्मभर साड्या रंगवून निवृत्त झाले होते. आता ते वसाहत सुधारत. वसाहतीनं तशी मागणी केली नव्हती.

"आपण कचरा टाकतो?" निंबा भडकला. "मी तर वेफर्सचा चुरासुद्धा मागे ठेवत नाही!"

"मासे कशानं मरतायत ते शोधू," उज्ज्वला म्हणाली. ती तिघांत मोठी होती आणि हे रोज ऐकवायची. "रविवारी समितीची बैठक आहे. तोवर सापडलं नाही, तर सुट्टीभर जिन्यात क्रिकेट खेळा!"

तेवढ्यात सुभद्राबाईंची म्हैस कालव्यातून डुंबून बाहेर आली. निळी. थोडीथोडकी नाही, शालूसारखी निळी.

"मनी म्हैस निळी व्हई गयी व माय!" सुभद्राबाई ओरडल्या.

"उन्हानं होतं तसं!" भूपेंद्रकाका गॅलरीतून म्हणाले. खाली उभ्या असलेल्या समितीच्या सदस्यांनी माना डोलावल्या. समितीत मानांना एवढंच काम असतं.

मुलं मात्र कालव्याकडे धावली. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी हिरवट होतं, खालच्या अंगाला निळं. दोन्हीकडचं बाटल्यांत भरून तिघं वसाहतीतच राहणाऱ्या विज्ञानाच्या माधवी मॅडमांच्या घरी थडकली. मॅडमांनी आमरसाची वाटी सरकवून टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला.

हिरव्या पाण्याचा थेंब पाहून निंबा उडालाच. "अरे, केवढी गर्दी! हा केसाळ! हा गरगर फिरतोय! याला एकच डोळा!"

"हे प्लवक, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव," मॅडम म्हणाल्या. "हिरवे प्लवक उन्हावर अन्न बनवतात, पाण्यात प्राणवायू सोडतात. केसाळ त्यांना खातात, माशांची पिल्लं केसाळांना खातात."

निळ्या पाण्याचा थेंब? ओसाड!

"गडद रंगातून ऊन आत जात नाही. आधी हिरवे मरतात, मग सगळेच उपाशी. त्यात प्राणवायूही संपतो."

"म्हणजे कालव्याची लाइट कुणीतरी कापली!" पराग म्हणाला. "आणि इथे पिंपभर रंग कुणाकडे असणार?"

तिघांनी एकदमच खिडकीतून भूपेंद्रकाकांच्या गॅलरीकडे पाहिलं.

"पण पुरावा?" निंबानं विचारलं.

"तो काकाच देतील," उज्ज्वला म्हणाली. "हौसेनं देतील!"

रविवारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अख्खी वसाहत बसली. "सुंदर वसाहतीचं बक्षीस आपलंच!" काका गरजले. "परदेशी फोटोतल्या तळ्यासारखं निळंशार पाणी! सगळी स्वच्छतेची कमाल! फक्त ही मुलं आवरा!"

उज्ज्वला नम्रपणे उभी राहिली. "काका, निळा छानच आहे. पण रंग कच्चा वाटतो. दुपारपर्यंत उडतो."

काकांचे कान लाल झाले. "कच्चा?"

"स्वस्तातला असेल," पराग हळहळला.

"माझा रंग कच्चा?" काका खुर्चीवर चढले. "अगं, जन्म गेला माझा डाइंगमध्ये! माझी साडी झिजते, रंग जात नाही! रोज पहाटे स्वतःच्या हातानं दोन डबे ओततो कालव्यात! हे बघ, नखं बघ!"

त्यांनी दहाही बोटं उंचावली. निळी!

सभेतल्या सगळ्या माना आधी नखांकडे वळल्या, मग बाहेर रवंथ करणाऱ्या म्हशीकडे. काका हळूहळू खुर्चीवरून उतरले. वर चढताना ते बरेच उंच वाटले होते.

मॅडमांनी दोन्ही थेंब सगळ्यांना दाखवले. जी मंडळी म्हशीला ऊन लागल्याचं मान्य करत होती, तीच आता "आम्हाला आधीपासून शंका होती" म्हणू लागली! मग त्यांनी मुलांची पाठ थोपटली. काकांना स्वतः कुलूप काढावं लागलं. पुढे कालव्याला नवं पाणी सुटलं, निळं वाहून गेलं आणि बघता बघता पाण्यावर पुन्हा हिरवट झाक आली.

म्हैस मात्र निळीच राहिली. सुभद्राबाईंनी तिला घासघास घासलं, हात टेकले आणि गॅलरीकडे बघून ओरडल्या, "पन रंग पक्का शे हां, भूपेंद्र!"

काकांनी दार लावून घेतलं. पण हसले असणार!