टाकीचं झाकण

ती फटफटी विकायची नाही. बसा, चहा येतोय. तोवर तिच्या टाकीचं झाकण काढून खिळ्याला का टांगलंय, ते सांगतो.

तीन वर्षं झाली. लढाई चालू होती, पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही घोटभर. गावच्या डॉक्टरांची ही जुनी गाडी, तिची दुरुस्ती माझ्याच हातची. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते, नाहीतर पेट्रोल उतरायचंच थांबतं. उन्हाळ्यात त्या भोकातून पेट्रोल उडून जातं, म्हणून मी शहाण्यानं ते मेणानं बुजवलं. आठवडाभरात डॉक्टर हत्तरगीला घटसर्प होऊन घशात पापुद्रा धरलेल्या एका पोराकडे निघाले आणि वाटेत गाडी तीनदा बंद पडली. ते पोचले तोवर पोरगं गुदमरून गेलं होतं. मेण मी गुपचूप खरवडून काढलं. डॉक्टरांना सांगायची माझी छाती झाली नाही.

वैशाखात सदलग्याहून माणूस आला. माझ्या बहिणीच्या, जयाबाईच्या पोरीला घटसर्प झाला होता. सात वर्षांची चंपी. तिला घास गिळवत नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन बरोबर घेतलं आणि ते मागे बसले, गाडी मी चालवायला घेतली. निघण्याआधी भोकात तार घालून दोनदा पाहिलं. आरपार मोकळं होतं.

हत्तरगी मागे पडली आणि गाडी आचके देत थांबली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक पाहिला, उघडा होता. नळी सोडवली तर दोन थेंब पडले आणि धार तुटली. जाळी स्वच्छ होती, कार्बुरेटरची वाटी मात्र कोरडी. अर्धी टाकी भरलेली आणि खाली पेट्रोल नाही. ही खूण मला चांगली ठाऊक होती. पण भोक तर मी स्वतः...

झाकण फिरवलं. टाकीनं श्वास आत ओढला. लांब, घरघरता.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मष्णू, असा आवाज मी पोरांच्या घशातून ऐकतो..."

झाकण उलटं केलं. भोकावर पांढरट, ओलसर पापुद्रा धरला होता. मी तो नखानं सोलला, तर खालच्या पितळेवर रक्ताचा ठिपका उमटला. डॉक्टरांनी तो वाकून पाहिला.

गाडी लगेच सुरू झाली. चिकोडीच्या अलीकडे पुन्हा तेच झालं, चिकोडीच्या पुढे तिसऱ्यांदा. मग मात्र मी पापुद्रा सोलून झाकण खिशातच टाकलं. पण रस्ता खाचखळग्यांचा होता. पेट्रोल हिंदकळून तापलेल्या इंजिनावर पडायला लागलं, धूर निघाला.

"लाव ते झाकण," डॉक्टर म्हणाले.

"नगो साहेब... फिरून पापुद्रा धरंल."

"वाटेत पेटलो, तर पोरीला इंजेक्शन कोण देणार?"

मी झाकण लावलं. चांगलं घट्ट लावलं.

त्यानंतर सदलग्यापर्यंतचे सात मैल गाडी एकदाही अडखळली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटत होती.

जयाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती. आतल्या बायकांचं रडणं ऐकून डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली.

"अण्णा," ती म्हणाली, "तीन डाव तिचा गळा मोकळा झालता बघ. तिसऱ्या डावाला तर उठून पाणीबी प्याली. वाटलं, वाचली पोर. मग एकाएकी घाबरी झाली..."

"काय म्हनली का?"

"व्हय. म्हनली, मामा, झाकण लावू नगो."

मी तसाच अंगणात आलो आणि झाकण फिरवलं. या खेपेला टाकीनं श्वास ओढला नाही. सोडला.

डॉक्टरांनी गाडी माझ्याकडेच सोडली, तेव्हापासून ही टाकी कोरडी आहे. झाकण खिळ्यावरून मी हलवलेलं नाही. फक्त रोज सकाळी भोकावरचा पापुद्रा सोलून काढतो. आज तुम्ही आलात, बोलण्यात राहूनच गेलं. जरा थांबा, चहा नंतर घेऊ. ती घरघर तुम्हालाही ऐकू येतेय ना...