पाहुण्या पेशी

गर्भगणक हे यंत्र दिसायला मोठ्या इडलीपात्राएवढं होतं. बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पट्टी खाचेत सरकवायची आणि झाकण लावायचं. कपभर चहा संपेपर्यंत पडद्यावर एक आकडा उमटे. या बाईला आजवर किती वेळा दिवस गेले होते, तो आकडा.

लातूरच्या जनसंख्या-अभ्यास केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी यंत्रासमोर दोघंच होती. केंद्राचे संचालक डॉ. संजीवन कुलथे, आणि त्यांच्या गुरू डॉ. वासंती बिराजदार. वासंतीबाईंना एकोणऐंशी पूर्ण झाली होती. निवृत्त होऊन दोन दशकं होत आली, तरी संशोधनातलं उचित-अनुचित ठरवणारी नीतिसमिती अजून त्यांच्याच अध्यक्षतेखाली चाले, आणि शिपायापासून संचालकापर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. गर्भगणक देशभरच्या पाहणीत वापरायला द्यायचा की नाही, यावर सोमवारी बाईंची सही व्हायची होती.

“नीट समजावून सांग,” बाई म्हणाल्या. “पेशी म्हटलं की मला अजून दहावीचा पेपर आठवतो.”

संजीवन हसला. “बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. पुढं बाळ जन्मो, जाओ, तिसऱ्या महिन्यात पडो, त्या पेशी मागं राहतात. पन्नास-साठ वर्षं राहतात. हाडांत, काळजात, कुठंही. आम्ही त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो.”

“आलेला पाहुणा जातच नाही म्हण की.”

“जात नाही. आणि प्रत्येक गर्भाच्या पेशी वेगळ्या वाणाच्या. यंत्र किती वाण आहेत तेवढं मोजतं. ते कुणाचे, हे वाचत नाही. गुप्तता राहावी म्हणून समितीनेच तसं बंधन घातलंय. शेवटी एक वाण वजा करतं आणि आकडा देतं.”

“वजा कशासाठी?”

“तो तिच्या आईचा. वार दोन्ही बाजूंनी झिरपते, बाई. आईच्या रक्तातलंही लेकीत जातं. म्हणजे प्रत्येक बाईच्या अंगात तिची आई असतेच. ती वजा केली की उरले ते तिचे गर्भ.”

बाईंनी मान डोलावली. त्यांना आपली पाहणी आठवत होती. तेव्हा रेणापूर, उदगीर, अहमदपूरच्या खेड्यांतून जीप धुरळा उडवत जायची. यंत्रबिंत्र काही नव्हतं. बाईंजवळ दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके असत. एका वाटीत हयात लेकरं टाक, दुसरीत गेलेली. आणि सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून विचारायचा तो प्रश्न: जन्मलं, रडलं, पण राहिलं नाही, असं एखादं? त्या प्रश्नावर बायकांचा हात दुसऱ्या वाटीवर घुटमळायचा. कधी चिंचोका पडायचा, कधी मुठीतच राहायचा.

“आठशे बायका तपासल्या,” संजीवन सांगत होता. “दर चौथीचा आकडा तिनं तोंडानं सांगितल्यापेक्षा जास्त. मला नवल वाटलं नाही. बायका सांगत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. वर्गात काय म्हणायचात तुम्ही? घरात दगडू, धोंडू, केराबाई, भिका अशा नावाचं माणूस भेटलं की प्रश्न पुन्हा विचारा. आधीची लेकरं गेल्याशिवाय कुणी पोटच्या पोराला दगड म्हणत नाही. मृत्यूला किळस यावी, त्यानं हात लावू नये, म्हणून ठेवलेलं नाव ते.”

“बरं लक्षात आहे तुझ्या.”

“अडचण एकच आहे.” संजीवनचा चेहरा उतरला. “तुलनागटात केंद्रातल्या सहा अविवाहित मुली घेतल्या. कधीही दिवस गेलेले नाहीत, असं सहाजणींनी लिहून दिलं. पाचजणींचा आकडा शून्य आला. ओवीचा एक.”

ओवी नळेगावकर त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिची पीएचडी याच प्रकल्पावर चालली होती.

“लग्नाआधी काय केलं याच्याशी मला देणंघेणं नाही, बाई. पण संशोधनात खोटं लिहून दिलं. सोमवारी समितीपुढं ठेवून तिला काढावं लागेल.”

“यंत्रावर शंका येत नाही तुला?”

“आठशेजणींवरून आली नाही. एका पोरीवरून कशी येईल?”

दुपारी ओवी बाईंच्या खोलीत आली. खुर्चीच्या कडेवर टेकली. कॅन्टीनमध्ये तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, हे तिच्या हातातल्या न उघडलेल्या डब्यावरून दिसत होतं.

“मी खोटं बोलले नाही, बाई.”

“डबा उघड आधी. काय आणलंयस?”

“शेपूची भाजी.”

“त्यासाठी काढून टाकायला हवं तुला.”

ओवीला हसू आलं आणि त्यातच डोळे भरून आले. “अहो, माझं एका मुलाशी चार महिन्यांच्या वर जमलं नाही कधी. कॉफीच्या पुढं गोष्ट गेली नाही. दिवस कुठून जातील?”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. हजारो बायकांना तो प्रश्न विचारण्यात त्यांचा जन्म गेला होता. लपवणारी बाई उत्तर पटकन देते आणि मग काहीतरी काम काढून उठते. ओवी उठली नाही.

“रक्त कधी चढवलंय तुला? आजारपणात?”

“नाही. तेही तपासलं सरांनी.”

“मग तुझ्यात पाहुणा आला कुठून?” बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “आईच्या रक्तातलं लेकीत येतं. संजीवन म्हणतो, ती आई. पण आईच्या रक्तात काय आई एकटीच असते?”

ओवीचा घास हातात राहिला. पोरगी खरोखरच हुशार होती. “तिच्या आधीच्या गर्भाच्या पेशी तिच्यात असणार. त्याही वारेतून पुढच्या बाळात येतील. म्हणजे माझ्यात माझं थोरलं भावंड असेल.”

“तुझ्या पाठचं-आधीचं कुणी?”

“मी एकुलती. आम्ही सहाहीजणी एकुलत्या. आमच्या पिढीत भावंड ही गोष्ट ऐकूनच माहीत.”

“पाचजणींचं शून्य आलं ते म्हणूनच. आणि त्या आठशे बायका खेड्यांतल्या, पाठोपाठच्या भावंडांतल्या.” बाई खुर्चीत पुढं सरकल्या. “तुझा नमुना पुन्हा घ्यायला लावू. या वेळी नुसता मोजायचा नाही, वाचायचा. तुम्हीच सांगता ना, आपलं लेकरू जनुकांत जागोजाग आपलं निम्मं असतं. भावंड काही जागी अगदी वेगळं निघतं. कुणाच्या पेशी हे तासाभरात कळेल. तू सुटलीस.”

डब्याचं झाकण ओवीनं हळूच लावलं.

“अहवाल समितीपुढं येईल ना?”

“येणारच.”

“हत्ते सर समितीत आहेत. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बाबांबरोबर रोज फिरायला जातात.” ती थांबली. “बाबांना वाटतं मीच पहिली. आजी तर माझ्या बारशाचं अजून सांगते, नळेगावकरांच्या घरचं पहिलं लेकरू म्हणून. आईनं कधी काही… तिचं काय झालं असेल, केव्हा झालं असेल, मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही म्हणजे तिला सांगायचं नसेल.”

“अगं, पण तुझी सहा वर्षांची मेहनत.”

“नको, बाई. मी खोटी ठरलेली बरी.”

ती दारापर्यंत गेली आणि वळली. “तुम्ही माझ्या जागी असता, तर विचारलं असतं तुमच्या आईला?”

बाईंनी विचारलं होतं. तेच तर.

एम. ए.ला असताना प्रश्नावलीचा सराव म्हणून त्यांनी पहिली मुलाखत घरीच घेतली होती. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. वासंतीनं दोन वाट्या मांडल्या. आईनं पिठाच्या हातानं चार चिंचोके पहिल्या वाटीत टाकले, थोरली वासंती आणि पाठचे तीन भाऊ. मग वासंतीनं शेवटचा प्रश्न विचारला. आई म्हणाली, “काई नाही. ऊठ तिकडं, भाकर करपायली.” आणि उठून पाणी आणायला गेली. घागर भरलेली होती. वासंतीनं दुसऱ्या वाटीपुढं शून्य लिहिलं.

त्याच्याही आधीची गोष्ट, बाईंनी कुणाला न सांगितलेली. सतराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही म्हणून आई त्यांना सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुलीला जन्मतः गर्भाशयच नाही, मूल होणार नाही. वासंतीला वाटलं, आई आता ऊर बडवून घेईल. आईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, “जगली ना माझी लेक. बास झालं.” येताना एसटीत तिनं वासंतीला भजी घेऊन दिली. वासंतीनं ती खिडकीतून फेकली. असल्या दिवशी बास झालं म्हणणारं काळीज कसलं असेल, हा विचार त्या पुढं कित्येक वर्षं करत राहिल्या. लग्न केलं नाही. कामाला वाहून घेतलं, असं लोक म्हणत. त्यांनी म्हणू दिलं.

टेबलावर फोन वाजला. पाठचा भाऊ शिवलिंग रोज या वेळी गावाहून फोन करी.

“दगडूअक्का, जेवलीस का?”

बाई उत्तर द्यायच्या राहिल्या.

दगडू. घरातलं नाव. वासंती हे नाव शाळेत मास्तरांनी घातलं. दगडू का, असं लहानपणी विचारलं की आई सांगायची, रानात खळ्याजवळच्या दगडावर बसले होते, तिथंच कळा सुरू झाल्या, म्हणून तू दगडू. गोष्ट इतकी छान होती की बाईंनी ती कधी तपासली नाही. तीस वर्षं वर्गात त्या खडूनं फळ्यावर लिहीत आल्या, दगडू, धोंडू, केराबाई; आणि घरी येऊन भावाच्या हाकेला ओ देत आल्या.

“अक्का? आवाज येईना का?”

“येतोय रे,” बाई म्हणाल्या. “आत्ता यायला लागला.”

सोमवारी समितीची सातही माणसं यंत्राभोवती बसली. ओवीला बाहेर थांबवलं होतं. संजीवन बोलायला उठला तेव्हा बाईंनी त्याला हातानं बसवलं आणि तंत्रज्ञ मुलीपुढं स्वतःचं बोट धरलं.

“तुलनागटात मला घ्या,” त्या म्हणाल्या.

“बाई, तुम्ही कशाला?” संजीवन ओशाळला.

“कारण माझ्याहून चोख तुलना तुला मिळायची नाही. मला जन्मतः गर्भाशय नाही. सतराव्या वर्षी कळलं. नंतरच्या सोनोग्राफीचे कागद आणलेत, शंका असेल त्यानं बघावेत.”

कागदांना कुणी हात लावला नाही. हत्ते सर चहाच्या कपात बघत राहिले. बाईंना वाटलं होतं, हे वाक्य बोलताना आवाज थरथरेल. तो थरथरला नाही. झाकण लागलं, आत घरघर सुरू झाली, आणि या वेळी कुणाचाच चहा संपला नाही.

पडद्यावर आकडा आला. तीन.

बाईंनी मनाशी एक धरला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

संजीवन उठून पडद्याजवळ आला. आकडा जवळून पाहून तो पुन्हा खुर्चीत बसला. “आईकडून,” तो म्हणाला. “आईत आधीच जे होते, तेही आले. मी आई वजा केली. तिचे पाहुणे वजा केलेच नाहीत.”

“त्या आठशे बायकांत थोरल्या किती, धाकट्या किती, विचारलं होतंस?”

“नाही. आकडा जास्त आला की मी धरून चाललो, बाई लपवतेय.”

“तसं धरायला मीच शिकवलं तुला. निम्मी चूक माझी.” बाईंनी कागद गोळा केले. “पण दुसरी निम्मी ऐक. तू एका बाईची संमती घेत होतास आणि तिच्या आईचं पोट मोजत होतास. आईला कुणी विचारलं? वाचून वेगळं काढशील, तर तेच गुपित आणखी ठळक होईल. माझी आई गेली. तिच्या वतीनं तिचं गुपित मी आज फोडलं, ते एकदाच. दुसऱ्या कुणाच्या आईचं फोडायला मी सही करणार नाही.”

गर्भगणकाला मंजुरी मिळाली नाही. तुलनागटाचे सगळे आकडे बाद ठरले, ओवीचाही. तो कशामुळे आला असेल, हे बाईंचा आकडा डोळ्यांसमोर असताना कुणी विचारलं नाही. हत्ते सर बाहेर पडताना ओवीला एवढंच म्हणाले, “यंत्रात खोट निघाली गं. घरी जा आता, आई वाट बघत असेल.”

सगळे गेल्यावर संजीवन रेंगाळला. “बाई, तुमचा नमुना अजून जाळलेला नाही. वाचून देऊ का? भाऊ होते की बहिणी, कळेल.”

“जन्मून रडली होती का, ते कळेल?”

“नाही.”

“मग जाळ.”

खोलीत येऊन त्यांनी डबा उघडला. चुलीपुढची आई आठवली, पिठाचे हात, भरलेली घागर असून पाण्याला जाणारी. तीन रिकाम्या ओंजळींनंतर तिनं लेकीला दगड म्हटलं होतं आणि लेक टिकली होती. पुढं डॉक्टर काहीही सांगोत, तिच्या दृष्टीनं हिशेब केव्हाच पुरा झाला होता. एसटीतली भजी गरम होती, हेही बाईंना आठवलं.

फोन वाजला.

“दगडूअक्का, जेवलीस का? का बसलीस एकटीच काम करत?”

बाईंनी उजवा हात छातीशी नेला. एकोणऐंशी वर्षं त्या घरात थोरल्या होत्या. भावांना कडेवर घेतलं, त्यांची शिक्षणं केली, लग्नं लावली.

“एकटी नाही रे,” त्या म्हणाल्या. “थोरली मंडळी आहेत सोबत.”

“थोरली? तुझ्याहून थोरलं कोण राहिलंय आता?”

“आहेत,” बाई म्हणाल्या, आणि कुणीतरी वाढून दिल्यासारखा त्यांनी पहिला घास घेतला.