नळाखालचा फोटो

"रात्री नळ आपोआप सुरू झाला, तर तुमच्यातलं कोण उठून बंद करेल?" काकांनी विचारलं. वीज गेली होती. पुतणे एकमेकांकडं बघत राहिले.

"कोणी नाही ना? माझ्या मित्रानं केला होता. हयात आहे अजून, जाऊन विचारा."

हा मित्र जुन्या पद्धतीचा फोटोवाला. अंधाऱ्या खोलीत तो फोटो छापायचा, शेजारच्या न्हाणीघरात बायको ते धुवायची. चिमटा विसरून हातानंच कागद उचलायची. कडेला अंगठा उमटला की हा करवादायचा, "चिमटा काय शोभेला आणलाय?"

"फोटो तुमचा, अंगठा माझा," ती म्हणायची. "आता माझाही एक तपकिरी फोटो करून द्या, जुन्या काळातल्यासारखा."

"करू."

करू करू म्हणता ती गेली.

त्यानंतर त्याच्या तपकिरी फोटोंवर पिवळे डाग पडायला लागले. रसायन बदललं, पाणी बदललं, ट्रे घासघासून हात सोलले. डाग हटेनात. माणूस पार थकला.

मार्चमधल्या शेवटच्या शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आईचा तपकिरी फोटो न्यायला येणार होती. जुना कागद दोनच फोटोंपुरता उरला होता, आणि तो आता कुठं मिळत नाही. तपकिरी करताना आधी काळं चित्र उडवतात, मग दुसऱ्या रसायनात ते परत येतं. पहिल्या फोटोत खुर्ची परत आली. हात आले. चेहरा आलाच नाही.

आता एकच उरला. त्यानं तो ट्रेमध्ये नळाखाली खळबळला आणि नळ बंद केला. "पुरे."

पाठ फिरवली, तोच पाणी...

त्यानं नळ पिळला. घट्ट. फोटोला चिमटा लावला.

पुन्हा पाणी.

"अगं..."

नुसती धार. दिवा चालू होता. न्हाणीघरात कोणी नव्हतं. ट्रेमधला कागद मात्र हळूच उलटला. पालथा... मग उताणा... ती उलटायची, तसाच.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. छापताना चित्र पक्कं करायला वापरलेलं रसायन, हायपो, कागदात मुरतो. नीट धुतला नाही तर तोच पुढं चित्र खातो. धुणं तिचं काम. ती किती वेळ धुते, हे त्यानं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं चिमटा खाली ठेवला. नळाला हात लावला नाही. उंबऱ्याशी बसला, आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

काका थांबले.

सकाळी नळ बंद होता. त्यानं फोटो रसायनांतून काढला. चेहरा सगळा आला, एकही डाग नाही. फक्त कडेच्या पांढऱ्या पट्टीवर एक तपकिरी अंगठा उमटला होता, मधोमध आडव्या वणाचा. कागद कापताना तिला लागलं होतं, त्याचा वण. मुलीनं त्यावर बोट ठेवलं, आणि पट्टी न कापता फोटो भिंतीवर लावला.