स्केलपुरती माणसं

वारसा समितीसाठी मी जुनी घरं मोजतो. घरांपेक्षा घरमालकच जास्त मोजून होतात, ते वेगळं.

हे घर रुंदीला दोन खिडक्यांचं, उंचीला चार मजली. एका वास्तुविशारदाने दीडशे वर्षांपूर्वी स्वतःसाठी बांधलेलं. त्याच्या पणतीला ते वारसा यादीत हवं होतं. यादीत आलं की पाडता येत नाही. भाच्याला ते पाडायचंच होतं. नियम सोपा: मूळ नकाशात नसलेला प्रत्येक बदल म्हणजे गुण वजा.

"जिन्यातली खिडकी मीच नंतर बसवून घेतली," बाईंनी सांगून टाकलं. "अंधारात पाय घसरायचा."

"गेले गुण!" भाचा खूश. "आत्या, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी मूळ नकाशा उलगडला. खिडकी त्यात होती. बाईंच्या वडिलांनी मागाहून बांधलेलं न्हाणीघरही होतं, पाइपसकट. शाई कागदात मुरलेली, अस्सल जुनी.

घर उभं कापल्यासारखं दाखवणाऱ्या छेदचित्रात वास्तुविशारद माणसं काढतात, उंचीचा अंदाज यावा म्हणून. इथे दोन होती. खालच्या खोलीत खुर्चीवर एक म्हातारी. जिन्याच्या पायथ्याशी टेप धरून वाकलेला माणूस, चष्मा दोरीने गळ्यात.

मी गळ्यातला चष्मा काढून खिशात ठेवला.

"आणि मी कुठाय?" भाचा हसला. "खापरपणजोबांनी मला वगळलं की काय?"

बाई खुर्चीत टेकल्या.

"नकाशा बनावट आहे. जिना मोजा, पितळ उघडं पडेल." टेपचं टोक घेऊन तो स्वतःच वर निघाला. डबी माझ्या हातात.

नकाशाप्रमाणे माळ्यापर्यंत चौदा मीटर. टेप पंधरावर गेली. मग वीस.

"पोचलात का?"

वरून पावलं तेवढी ऐकू येत होती, एकसारखी, बिनघाईची.

तीस मीटरला टेप संपली. डबीला हिसका बसला. मग ढील.

मी वर जाऊन आलो. माळ्यावर बोटभर धूळ. धुळीत एकही पाऊल नाही.

खाली आलो तर डोक्यावर पावलं चालूच.

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "मूळ घरात बदल नाही, असं लिहा."

लिहिलं.

शेवटचा रकाना हरकतीचा. मी पेन थांबवलं.

बाई छताकडे कान देऊन बसल्या. पावलं बारीक होत गेली.

"आता कोणाची नाही," त्या म्हणाल्या.